दोन अहो

"आवाज मोठा नको रे बाबा, लांब पाहिजे. मोठा आवाज समोरच्या भिंतीला धडकतो अन् तिथंच पडतो. लांब आवाज माणसाला हुडकीत जातो." खाजाभाईचे हे शब्द उत्तरेश्वरच्या कानात अडतीस वर्षं जसेच्या तसे होते. आणि नुसते शब्द नव्हेत, त्यांच्या भोवतीचं सगळंच होतं. धाराशिवच्या कोर्टाचा व्हरांडा, नुकत्याच पुसलेल्या फरशीचा ओला वास, खाजाभाईच्या ओठाच्या कोपऱ्यातला काताचा लाल डाग, छातीवरचा पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर बसलेलं सकाळचं ऊन. खाजाभाई जुना पुकाऱ्याचा शिपाई. आतून साहेबांचा इशारा झाला की दारात उभं राहायचं, पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं आणि विचारायचं, "हाजिर हैऽऽ?" निजामाच्या वेळचं ते 'हाजिर है' राज्य गेलं तरी व्हरांड्यात राहून गेलं होतं, वळचणीला चिमण्या राहतात तसं. नव्यानं लागलेल्या उत्तरेश्वरला हे काम खाजाभाईनं शिकवलं. त्या सकाळी त्यानं अजूनही काहीतरी सांगितलं होतं, पण ते काही केल्या आठवायचं नाही. चोवीस वर्षांच्या माणसाला आवाज हवा होता. आवाज तेवढा त्यानं उचलला आणि बाकीचं तिथंच फरशीवर सांडून दिलं.

मग तो आवाज पिकत गेला. निंबाखाली चहा पिणारे, झेरॉक्सच्या दुकानात ताटकळणारे, वकिलाच्या टेबलाशी मान खाली घालून बसलेले, सगळे त्या आवाजानं ताडकन उठायचे. वकील म्हणायचे, "उत्तरेश्वर, तुझा पुकारा हातलाईच्या डोंगराला शिवून येतो बघ." त्याला ते ऐकून आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, बिल्ला जमा झाला, आवाजाचं काय करायचं ते मात्र कुणी सांगितलं नाही. तो आपला घरीच राहिला, आणि घर तर दोन खोल्यांचं, पडवीचं, पुढं एवढंसं अंगण. नळाला पाणी आलं तरी पुकारा, चष्मा सापडत नाही तरी पुकारा. आणि त्या सकाळी, माघातल्या त्या छान गार सकाळी, हातात दुधाची पिशवी आणि मेथीची जुडी घेऊन तो फाटकापाशी आला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "अगंऽऽ ए!"

अंगणात दोन पाठी होत्या. एक त्याच्या बायकोची, कडूबाईची, ती नळापाशी उकिडवी बसून भांडी विसळत होती. दुसरी घरात नव्यानं आलेल्या कुत्र्याची, पाण्याच्या टाकीमागं, भिंतीकडं तोंड करून बसलेली. हाक गेली आणि दोन्ही पाठी एकाच वेळी आखडल्या. खांदे वर गेले, माना आत गेल्या. एकाच दोरीला दोघं बांधलेली असावीत आणि त्या दोरीचं टोक ह्याच्या गळ्यातून निघालेलं असावं, तसं. पापणी लवण्याइतकाच वेळ. मग कडूबाईचे खांदे खाली आले, ती वळली, "आणली व्हय मेथी, बरं झालं," म्हणाली आणि ओल्या हातानं पिशवी घेऊन आत गेली. तिला काही झालं होतं हे तिच्या गावीही नव्हतं. कुत्र्याचे खांदे मात्र तसेच राहिले.

उत्तरेश्वर फाटकाला हात लावून उभा राहिला. कुत्र्याला घरात येऊन अकरा दिवस झाले होते, ते दचकतं हे त्याला ठाऊक होतं. पण बायकोला येऊन छत्तीस वर्षं झाली होती. छत्तीस वर्षं ती रोज अशी दचकत असेल तर किती वेळा झालं, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्यानं तो घाईघाईनं पुसून टाकला. पण पुसलेल्या पाटीवर अक्षर दिसत राहावं तसं ते दिसत राहिलं. दिवसभर त्यानं हाकच मारली नाही. चष्मा स्वतःच शोधला, तो डोक्यावरच होता. दुपारी कडूबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर न्हाय," ती म्हणाली. "मग घसा बसलाय का? लई शांत शांत वाटायलंय घर."

कुत्रं तिनंच पसंत केलं होतं. शेजारच्या शांतम्माची शेळी फुगली म्हणून दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेल्या, आणि शेळीला औषध पाजेपर्यंत कडूबाई मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डोकावली. तिथं काम करणारी हुमेरा नावाची मुलगी रस्त्यावरची जखमी, टाकलेली कुत्री सांभाळते. दहा-बारा कुत्री जाळीवर उड्या मारत होती, आणि सगळ्यांच्या मागं एक तांबूस, अर्ध्या कानाचं, सहा-सात वर्षांचं कुत्रं पाठ करून बसलं होतं. कडूबाई घरी आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला एक कुत्रं आणायचंय." उत्तरेश्वरनं वर्तमानपत्र खाली केलं. लग्नापासून ह्या बाईनं मला अमुक हवंय असं म्हटल्याचं त्याला आठवेना. साडी आणली ती नेसली, गावाला नेलं तर गेली, नाही नेलं तर नाही गेली. आणि मागून मागितलं काय, तर पाठ करून बसलेलं कुत्रं! "पिल्लू तरी बघायचं," तो म्हणाला. "पिल्लं काय, कुणीबी नेतंय," ती म्हणाली, आणि विषय संपला.

हुमेरानं कागद भरायच्या आधी सगळं नीट सांगितलं. तुळजापूर रोडला एक ढाबा बंद पडला, माणसं सामान भरून गेली आणि हे मागं राहिलं. "दोरी कुजून तुटली होती चाचा. तरी उठला न्हाय. चार दिवस तिथंच बसला होता, दोरी हाय असं समजून." तिच्या बोलताना वर जाणाऱ्या भुवया उत्तरेश्वरला कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या. "भुंकत न्हाय, चावत न्हाय, मागत न्हाय. समदे जेवले की मग उठतो. म्हणून आम्ही त्याला जनाब म्हणतो." मग तिनं अट घातली. "पाडव्यापर्यंत ठेवा. बोलावल्यावर आला तर तुमचा. न्हाय आला तर मी येऊन परत नेणार, रागवायचं न्हाय. हाकेला न येणारं कुत्रं रस्त्याला लागलं की संपलं, ट्रका काय थांबत न्हायत." आणि शेवटी, फाटकापर्यंत सोडायला येताना, "सुरुवातीला हाक मारूच नका. नुसतं जवळ बसा, तोंड दुसरीकडं करून. तुम्ही उत्तरेश्वरचाचा ना, कोर्टातले? मी खाजाभाईंची नात. दादाजान लई सांगायचे तुमच्या आवाजाचं." त्या भुवया कुणाच्या ते तेव्हा कळलं. दादाजान काय सांगायचे, ते विचारायचं राहून गेलं.

म्हणजे ज्याला आयुष्यात हाक मारण्यापलीकडं काही येत नव्हतं त्याला हाक मारायची नाही, असं काम मिळालं. रोज दहा वाजता, कोर्ट भरायच्या वेळेला, तो पडवीत पाट टाकून बसायचा, टाकीकडं पाठ करून. टाकीमागं जनाब, त्याच्याकडं पाठ करून. भांडलेले भाऊ वाटणीच्या दिवशी बसतात तसे दोघं. सुरुवातीला त्याला बसवायचं नाही. गुडघा भरून यायचा, जीभ वळवळायची. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. टाकीत थेंब पडतो त्याचा आवाज. निंबावरून सुटलेलं पान पत्र्यावर पडतं त्याचा. आणि आपल्या पाठीमागं कुणीतरी श्वास घेतंय त्याचा, नाकातल्या नाकात, चोरून. कडूबाई पडवीच्या दुसऱ्या टोकाला सुपात ज्वारी निवडत बसलेली असायची. तीही गुणगुणते हे त्याला नव्यानंच कळलं. आवाज एवढा बारीक की सुपाच्या सळसळीखाली झाकून जावा.

पाव्हणा गं आला बाई, बसला पाठ फिरवून
डोळ्यातलं त्याच्या गाव, कुणी नेलं हिरावून

"ही ओवी कुठली?" त्यानं विचारलं. "कुठली म्हंजे? आत्ताची," ती म्हणाली. "कधीपासून करतीस?" "भांडी घासायला लागल्यापासून." आणि सूप पाखडून ती आत गेली. उत्तरेश्वरला वाटलं, आपण एवढी वर्षं ह्या घरात बोलत होतो, म्हणजे नेमकं काय करत होतो?

जनाबची जेवायची एक तऱ्हा होती. वाडगा टाकीजवळ ठेवायचा आणि आत निघून जायचं. कुणी बघत असेल तर तो भाकरीकडं पाहायचाही नाही. कडूबाईला ह्याचं भारी कौतुक. "रीत हाय त्याला," ती शांतम्माला सांगायची. नाव जनाब म्हटल्यावर त्याला अरेतुरे कसं करायचं, म्हणून तिनं सरळ अहोजाहो धरलं. "घ्या जनाब. दूध घातलंय. सावकाश होऊ द्या." एकदा घाईत तिच्या तोंडून निसटलं, "अहो, घ्या की, निवालंय." खोलीतून उत्तरेश्वर धोतराचा सोगा सावरत आला. "काय घेऊ?" कडूबाईनं तोंडाला पदर लावला. "तुम्हाला न्हाय म्हणले, त्यांना म्हणले." भिंतीपलीकडून शांतम्मा खिदळली. तिचं माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, बोलताना ती मराठीला शेपूट लावायची. "अगागा, आता दोन दोन अहो सांभाळताव काय री? एक भुंकत न्हाय आन् एकाला भुंकल्याबिगर ऱ्हावत न्हाय!"

हसण्यावारी गेलं ते. पण खरा घोटाळा आतल्या आत वेगळाच मुरत होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता. कडूबाई दिवसातून तीस वेळा तरी 'अहो' म्हणायची. अहो, चहा. अहो, पंखा बंद करा. अहो, निकिताचा फोन आलाय पुण्याहून. आणि दोन्ही वेळेला, ठरल्या वेळी, "अहो, जेवायला या," असं म्हणून आधी नवऱ्याचं ताट मांडायची आणि लगेच त्याच हातानं वाडगा उचलायची. टाकीमागं बसलेला एक प्राणी हे सगळं त्याच्या अर्ध्या आणि पूर्ण कानानं ऐकत होता. शेडमधलं जनाब हे नाव दहा-बारा कुत्र्यांच्या कालव्यातलं होतं, त्यात त्याचं त्याला काही वाटलं नसावं. ह्या घरात मात्र एकाला मऊ आवाजात सारखी हाक येत होती, तिच्यामागून भाकरी येत होती, आणि तो एक आपणच, हे त्यानं ठरवून टाकलं.

होळीच्या आदल्या दुपारी कडूबाईनं आतून म्हटलं, "अहो, जेवायला या, गरम हाय तवर." उत्तरेश्वरचा पाय मुंग्यांनी बधिर झाला होता, उठायला उशीर झाला. खांबाला धरून तो उभा राहिला, तोच त्याच्या मांडीला काहीतरी कोमट घासून गेलं. जनाब. टाकी सोडून, अंगण ओलांडून, पडवीची पायरी चढून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभा राहिला होता. शेपूट खाली, पण मान सरळ, मानकऱ्यासारखा. उत्तरेश्वर लंगडत लंगडत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. उंबऱ्यात दोघं, बाजूबाजूला. कडूबाईनं तव्यावरची भाकरी उलथली, वर पाहिलं आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, भाकरी करपली, पीठ गालाला लागलं. "अहो!" ती मुद्दाम म्हणाली. जनाबचा अर्धा कान उभा राहिला. "बघा! अहो!" पुन्हा उभा राहिला. "बाई बाई, तुमचं नाव घेतलं की ह्यांनी!"

त्या रात्री उत्तरेश्वरला बरंच वाटलं, पण सकाळी चहाच्या वेळी लक्षात आलं की आपल्याला आता घरात नावच नाही. कडूबाई 'अहो' म्हणाली की जनाब उठायचा, आणि त्याला हिरमुसलं करणं नको म्हणून ती त्याला काहीतरी द्यायची. त्यामुळं नवऱ्याला हाक मारायची सोय उरली नाही. ती आता वाटी वाजवायची, खोकायची, नाहीतर "ऐकलं का" म्हणायची. उत्तरेश्वर हे नाव तिनं एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, सगळ्या बायका अडवून उभ्या असताना. लिंब असला कडू तरी गार त्याची सावली, उत्तरेश्वररावांची चौकट मला पावली. अठरा वर्षांची मुलगी, आधीची तीन भावंडं गेलेली, मरणानं चाखून थुंकून टाकावं म्हणून आईबापांनी कडू नाव ठेवलेली, आणि तिनं ते नाव असं गोड करून मांडवात मांडलं होतं. मग त्याची पाळी आली. मित्र ओरडत होते, "घे की नाव, कडू लागतंय का?" त्याला घाम फुटला. "हिचं नाव घेतो," एवढंच तो म्हणाला आणि थांबला. सगळा मांडव हसला. तेव्हापासून ती 'अगं'.

आणि तो कोर्टातला दिवस. बावीस वर्षं झाली असतील. गल्लीत नळावर दोन घरांत भांडण होऊन बादली डोक्यात गेली, खटला उभा राहिला आणि पाहिलेली एकच बाई, कडूबाई. ती नवं लुगडं नेसून बाकड्यावर बसली होती. साहेबांनी इशारा केला, कागदावर नाव होतं, उत्तरेश्वर दारात आला, छाती भरून घेतली, आणि ती छाती तशीच भरलेली राहिली. आवाजच फुटेना. त्यानं बायकोला हातानं खुणावलं, ये. आत साहेबांनी विचारलं, "पुकारा ऐकू आला नाही?" तो म्हणाला, "साक्षीदार समोरच हाय साहेब." एक वकील म्हणाला, "शिपायाची मंडळी आहे साहेब, नाव घेत नाही तो." सगळं कोर्ट हसलं. कडूबाई त्या हसण्यातून मान खाली घालून पिंजऱ्यापर्यंत चालत गेली. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "गावातल्या चोराचिलटांची नावं घेता. माझंच कडू लागलं." जे बोलायचं होतं ते त्याच्याजवळ तेव्हाही होतं. पण त्याला ते बारीक आवाजात सांगता येईना, आणि ते मोठ्या आवाजात सांगायचं नव्हतं.

पाडवा आठ दिवसांवर आला आणि हुमेराचा फोन आला. "चाचीच्या हाकेला येतो म्हणता, चांगलंय. पण ज्याच्या हातात भाकरी त्याच्याकडं समदेच येतात. मी आल्यावर तुम्ही बोलवायचं, चाचा. रिकाम्या हातानं." कडूबाई फोनजवळच उभी होती. ती आत जाऊन जनाबच्या वाडग्याला बाहेरूनही घासायला लागली, लख्ख, देवाचं भांडं घासावं तसं. तिनं आयुष्यात मागितलेली एक गोष्ट आता ह्याच्या गळ्यावर येऊन बसली होती.

मग त्यानं सराव सुरू केला. कडूबाई बाजाराला गेली की अंगणात उभं राहून म्हणायचं, "अहो!" पुरुषाच्या तोंडून ते विचित्रच वाटायचं, जीभ अडखळायची आणि अडखळली की आवाज आपसूक मोठा व्हायचा. जनाब टाकीमागं. भिंतीवर शांतम्माचं डोकं. "काय री दादा, कुणाला अहो म्हणायलाव? बायकोला मान देताव की काय आता?" "कुत्र्याला म्हणतोय," तो ओरडला. "मग बरं. मला वाटलं सुधारलाव." पुन्हा "अहो", जरा घासून. पुन्हा टाकीमागं. तिसऱ्यांदा त्यानं एका दमात तीनदा म्हटलं, अहोअहोअहो, कोर्टात म्हणायचा तसं, आणि सवयीनं तोंडून पुढचा शब्द निघाला, "गैरहाजर!" तो शब्द अंगणात पडला आणि त्याबरोबर अडतीस वर्षांपूर्वी फरशीवर सांडलेलं सगळं एकदम उसळून वर आलं.

नोकरीचा पहिलाच आठवडा. त्यानं नाव पुकारलं होतं, कुण्या एका म्हातारीचं, तीनदा, एका दमात, नव्या आवाजाच्या मस्तीत. आणि आत जाऊन सांगितलं, गैरहाजर. तारीख पडली. तो बाहेर आला तेव्हा म्हातारी व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. अणदूरहून पहाटेच्या एसटीनं आलेली, चपला हातात, फरशी पुसलेली म्हणून. "म्या आले की रं बाळा," ती म्हणाली. "पहिल्या हाकंलाच उठले, पर पाय चालंनात." तो तिच्याकडं बघत राहिला होता. खाजाभाई पुढं झाला, तिच्या चपला घेतल्या, तिला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग उत्तरेश्वरला खांबाआड नेऊन म्हणाला, "नाव तीनदा कशाला घेतात? घशाला व्यायाम म्हणून? पहिली हाक कानाला. मग थांबायचं, तो उठतो. दुसरी पायाला. मग थांबायचं, तो चालतो. तिसरी घेऊच नये जमलं तर. माणूस चालत असतो उत्तरेश्वर, आपल्याला दिसत नसतो इतकंच. आपल्याला पगार वाट बघायचा आहे." हे, हे सांगितलं होतं त्यानं. आणि आपण काय घेऊन आलो तर लांब आवाज. उत्तरेश्वर पायरीवर खाली बसला. त्या म्हातारीचे भेगाळलेले पाय ओल्या फरशीवर उमटलेले त्याला दिसत होते, एक एक पाऊल, पायरीपासून बाकड्यापर्यंत. किती जणांना आपण पहिल्या आणि दुसऱ्या हाकेच्या मध्ये, चालत असताना, गैरहाजर करून टाकलं असेल?

पाडव्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, हुमेरा रिक्षा घेऊन आली. हातात कागद होते आणि एक पट्टा होता. तो पट्टा कडूबाईनं पाहिला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पिठाचे. तिनं नुसतं 'अहो' म्हटलं असतं तर तो आला असता. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. भिंतीवर शांतम्मा, शेळीचा दोर हातात धरून, पहिल्यांदाच गप्प.

उत्तरेश्वर पायरीवर बसला. रिकामे हात त्यानं गुडघ्यावर उताणे ठेवले. टाकीमागं तांबूस पाठ दिसत होती. त्यानं छाती भरली नाही. "अहो," तो म्हणाला, जवळच्या माणसाला पाणी मागावं तितक्याच आवाजात. आणि थांबला.

थांबणं एवढं मोठं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यात किती काय मावत होतं. टाकीतला थेंब पडला. आणखी एक पडला. निंबाला नवी पालवी आलेली, तांबडी, जनाबच्याच रंगाची, तिचा कडूसर वास आला. रिक्षावाल्यानं बाहेर कुणाला तरी शिवी दिली. त्याला वाटलं आता म्हणावं दुसऱ्यांदा, जीभ उचललीही गेली, पण व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारी चपला हातात घेत होती, तिला तेवढा वेळ द्यायला हवा होता. टाकीमागं अर्धा कान हलला. ऐकू गेलं होतं. उठायला वेळ लागतो, चार दिवस तुटक्या दोरीशी बसलेल्याला तर लागतोच. मग तो म्हणाला, "अहो." आणि पुन्हा थांबला. हुमेरानं पट्टा पाठीमागं नेला. तिच्या भुवया वर गेल्या, खाजाभाईच्या जायच्या तशा. तिसरी हाक त्याच्या तोंडात होती आणि ती त्याला घ्यायची नव्हती, तिसरीनंतर काय येतं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग उताण्या तळहातावर एक ओलं, गार नाक येऊन टेकलं, आणि त्यामागोमाग हनुवटीचा सगळा भार, कुणीतरी लांबून ओझं आणून ठेवावं तसा.

"आला री बाई!" शांतम्मा भिंतीवरून ओरडली आणि शेळीही ओरडली. जनाब दचकला, पण हनुवटी त्यानं काढली नाही.

हुमेरानं डोळे पुसले ते घाम पुसल्याचं दाखवून. पायरीवर बसून तिनं कागद मांडीवर घेतला. "नाव काय लिहू? जनाब का अहो?" "दोन्ही लिही," उत्तरेश्वर म्हणाला. "अहो जनाब." "आणि सांभाळणार कोण? तुमचं लिहिलं, उत्तरेश्वर वल्द व्यंकट. घरातलं आणखी एक नाव लागतं. चाचीचं पूर्ण नाव?" पेन थांबलं. मांडव थांबला होता तसं, कोर्ट थांबलं होतं तसं. "हिचं," तो म्हणाला, आणि तोच शब्द पुन्हा तोंडात आल्याचं त्याला कळलं. दारात कडूबाईनं पिठाचे हात पदराला पुसले, जणू तिला माहीतच होतं की हे इथवरच येणार. हातावर जनाबचा श्वास कोमट लागत होता.

"कडू," तो म्हणाला. अगदी हळू. मग, "कडूबाई." त्याला वाटलं होतं काहीतरी होईल, कुणी हसेल. कुणी हसलं नाही. हुमेरानं ते खाली लिहून घेतलं.

"आता बरं आलं तोंडात," दारातून कडूबाई म्हणाली. तिचा आवाज रोजचाच करायचा तिचा प्रयत्न होता. "कोर्टात तर खुणा करत होता, मुक्यावाणी."

"तिथं न्हाय घ्यायचं होतं," तो म्हणाला. तो तिच्याकडं बघत नव्हता, कुत्र्याच्या अर्ध्या कानाकडं बघत होता, आणि आवाज इतका बारीक होता की शांतम्मानं कान पुढं केला. "त्या दारातनं मी ज्याचं नाव घेतलं त्याच्या काळजात धस्स व्हायचं. मी बघायचो की. भली माणसंबी पांढरी पडायची. रोजची शंभर नावं. त्या आवाजात तुझं नाव घालायचं नव्हतं मला. दुसरा आवाज मला येत नव्हता. शरम न्हाय वाटली, कडू. कधीच न्हाय वाटली. एवढंच सांगायचं राहिलं होतं."

कडूबाई वळली आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला. हुमेरा कागदाची घडी घालत राहिली, आहे त्यापेक्षा जास्त घड्या. "चाचा," ती हळूच म्हणाली, "दादाजान म्हणायचे, उत्तरेश्वरला आवाज लवकर आला, बाकीचं येईल उशिरा. येईल पण." आणि उठून, पट्टा रिक्षात टाकून, ती निघून गेली.

ऊन पायरीवर आलं. जनाबनं अंग सैल सोडलं आणि तो त्याच्या पायाशी लवंडला, पाठ करून नव्हे, तोंड करून. स्वयंपाकघरात तवा चढल्याचा वास आला. बराच वेळ काहीच हाक आली नाही. अहो म्हणावं तर कुत्रं उठेल. वाटी वाजली नाही, खोकला आला नाही. मग आतून, सुपाच्या सळसळीखाली झाकून जावा एवढा एक आवाज आला.

"उत्तरेश्वर."

आणि थोडं थांबून, जीभ चावल्यासारखं, "राव." 

तो हलला नाही. गुडघा नव्हता दुखत, पाय नव्हता बधिर. आपलं नाव कानावरून पायापर्यंत कसं उतरतं ते त्याला बघायचं होतं. आत ती थांबली. त्याला जाणवलं की ती थांबली आहे, मोजून, पहिल्या आणि दुसऱ्या हाकेच्या मधल्या जागेत, आणि ही जागा कुणी न शिकवता तिला छत्तीस वर्षं ठाऊक आहे.

"उत्तरेश्वरराव," ती पुन्हा म्हणाली, आणि ह्या वेळी आवाजात हसू होतं. "भाकरी निवायलीय. तिसरा पुकारा करायची न्हाय मी. गैरहाजर लावीन."

कोर्टाच्या दारात उभं राहून ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलं होतं, तो खांबाला धरून उठला, त्याच्याबरोबर कुत्रंही उठलं, आणि तो म्हणाला, "हाजिर है, कडू. हाजिर है."